पुण्याचा वाहतूक आराखडा : मोजणी नीट झाली तरच नवी आवृत्ती उपयोगाची

पुणे महानगरपालिकेचा सर्वंकष वाहतूक आराखडा २००८ साली तयार झाला, तेव्हा त्याने २०३१ हे साल नजरेसमोर ठेवले होते. त्या मुदतीतली बहुतेक वर्षे आता सरली आहेत. मधल्या काळात महापालिकेचे क्षेत्र दुपटीहून अधिक झाले, मेट्रो धावू लागली आणि पुढच्या पिढीला पुरेल असा सुधारित आराखडा करण्याचे काम यंत्रणांनी हाती घेतले. आराखडा ही आपण नागरिकांनी करातून पैसे मोजून घेतलेली सेवा आहे. सल्लागार नेमला जातो, सर्वेक्षणे होतात, जाडजूड अहवाल येतो आणि त्यातल्या रेषांचा परिणाम वीस-पंचवीस वर्षे आपल्या दाराशी राहतो. म्हणून जुन्या आराखड्याने काय दिले आणि नव्याने काय द्यायला हवे, याचे परीक्षण मी एक वापरकर्ता या नात्याने लिहीत आहे. मी कोथरूडला राहतो, कामासाठी रोज पुणे स्थानकाच्या परिसरात जातो आणि गेली तीस वर्षे हे शहर बसमधून, दुचाकीवरून आणि आता मेट्रोतून पाहत आलो आहे.

२००८च्या आराखड्याचे ध्येय मला आजही मनापासून पटते. रस्ता वाहनांसाठी नसून माणसांसाठी आहे, ही भूमिका २००६च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने स्पष्ट शब्दांत मांडली होती आणि त्याच सुमारास जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियानातून शहरांना निधीही मिळत होता. पुण्याच्या आराखड्याने ठरवले की २०३१पर्यंत शहरातल्या निम्म्या फेऱ्या (एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी एकदा जाणे म्हणजे एक फेरी) पायी किंवा सायकलीने व्हाव्यात आणि उरलेल्या, म्हणजे इंजिनाच्या वाहनांनी होणाऱ्या फेऱ्यांपैकी ८० टक्के सार्वजनिक वाहतुकीने व्हाव्यात. हा हिशेब पुढे नेला तर दर दहा फेऱ्यांमधली एकच फेरी खासगी दुचाकीच्या आणि मोटारीच्या वाट्याला येते. एवढे धीट उद्दिष्ट कागदावर उतरवणाऱ्यांचे कौतुक केलेच पाहिजे. मात्र दहा वर्षांनी, २०१८ साली, परिवहन कार्यालयाच्या नोंदींनुसार पुण्यातल्या वाहनांची संख्या लोकसंख्येच्याही पुढे गेली. उद्दिष्ट एका दिशेला आणि शहर दुसऱ्या दिशेला, असे कशामुळे झाले, याचे उत्तर शोधल्याशिवाय नवी आवृत्ती लिहायला घेणे मला चुकीचे वाटते.

मला दिसणारे उत्तर असे की ज्या कामाला वाली होता ते काम झाले आणि ज्याला वाली नव्हता ते तुकड्यातुकड्याने झाले किंवा झालेच नाही. मेट्रोसाठी स्वतंत्र कंपनी होती, तिच्यासाठी निधीची तरतूद होती आणि प्रत्येक टप्प्याला जाब देणारा कोणीतरी होता. २४ डिसेंबर २०१६ रोजी भूमिपूजन झाले, ६ मार्च २०२२ रोजी वनाज ते गरवारे महाविद्यालय आणि पिंपरी-चिंचवड महापालिका ते फुगेवाडी हे पहिले दोन तुकडे सुरू झाले आणि २९ सप्टेंबर २०२४ रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी भाग सुरू होऊन सुमारे ३३ किलोमीटरचा पहिला टप्पा पुरा झाला. जमिनीखाली सुमारे ३३ मीटर खोल असलेल्या जिल्हा न्यायालय स्थानकात मी पहिल्यांदा उतरलो तेव्हा एवढ्या खोलवर वरून येणारा सूर्यप्रकाश पाहून क्षणभर थांबलो होतो. दोन मार्गिका जिथे एकमेकींना भेटतात त्या जागी प्रवाशाला अंधाऱ्या भुयारात शिरल्यासारखे वाटू नये, याचा विचार कोणीतरी केला होता, आणि असा विचार केलेली जागा प्रवाशाला लगेच कळते. आनंदनगर ते पुणे रेल्वे स्थानक हा माझा रोजचा प्रवास मेट्रोमुळे बिनत्रासाचा झाला आहे, हे मी कृतज्ञतेने नोंदवतो.

बीआरटीला, म्हणजे बससाठी स्वतंत्र मार्गिका राखून ठेवणाऱ्या जलद बससेवेला, असा वाली शेवटपर्यंत लाभला नाही. डिसेंबर २००६मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर या मार्गावर देशातला पहिला बीआरटीचा प्रयोग पुण्याने केला, पुढे २०१५-१६मध्ये संगमवाडी ते विश्रांतवाडी आणि नगर रस्ता हे मार्ग सुरू झाले, आणि २०२३मध्ये कोंडीचे कारण पुढे करून नगर रस्त्यावरच्या मार्गिकेचा काही भाग काढून टाकला गेला. शेजारच्या पिंपरी-चिंचवडमध्ये मात्र औंध-रावेतसारख्या रस्त्यावर स्वतंत्र मार्गिकेतून बस धावते. कल्पना तीच, हवामान तेच, माणसेही बहुतेक तीच. फरक पडला तो मार्गिका अखंड ठेवण्यात आणि ती सांभाळण्यात. नव्या आराखड्यात बीआरटीबद्दल जे काही लिहिले जाईल त्याआधी या दोन अनुभवांची तुलना पानभर तरी यायला हवी.

विद्यापीठ चौकातल्या उड्डाणपुलांची गोष्ट तर प्रत्येक पुणेकराला ठाऊक आहे. जेमतेम दीड दशक वापरलेले ते पूल २०२०च्या जुलैमध्ये पाडावे लागले, कारण हिंजवडी ते शिवाजीनगर मेट्रो आणि तिच्यासोबतचा नवा दुमजली पूल यांच्या आड ते येत होते. पूल बांधताना पुढच्या वीस वर्षांत त्या चौकातून काय जाणार आहे, हे एका नकाशावर एकत्र पाहिले गेले असते तर हा खर्च आणि त्यानंतर कित्येक वर्षे लोकांनी सोसलेली कोंडी टळू शकली असती. दीर्घ पल्ल्याचा आराखडा लागतो तो नेमका यासाठी. प्रत्येक खात्याचे काम आपापल्या जागी बरोबर असू शकते, पण ती सगळी कामे एकाच चौकात एकमेकांना भेटतात.

आता मोजणीबद्दल लिहितो, कारण या परीक्षणात मला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा तोच वाटतो.

दीड-दोन वर्षांपूर्वी एका सकाळी आमच्या घरी वाहतूक सर्वेक्षणासाठी एक तरुण आला. हातात टॅब, गळ्यात ओळखपत्र, बोलणे अतिशय नम्र. घरात किती माणसे, उत्पन्न साधारण किती, वाहने किती, असे विचारून झाल्यावर त्याने मला विचारले, ‘काका, काल घरातून कोण कोण कुठे गेले?’ मी सांगितले : मी मेट्रोने कार्यालयात गेलो आणि आलो, मुलगा मोटरसायकलने गेला आणि आला, सून स्कूटरने गेली आणि आली. त्याने सहा फेऱ्या टिपल्या, आभार मानले आणि तो पुढच्या घरी गेला. आतून सगळे ऐकत असलेल्या माझ्या पत्नीने फक्त एवढेच विचारले, ‘आणि मी काल कुठेच गेले नव्हते का?’

मला उत्तर देता आले नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून घरातल्या प्रत्येकाच्या फेऱ्या वहीत लिहिल्या. पत्नी सकाळी नातवाला शाळेत चालत सोडून आली, या दोन फेऱ्या. मग घरून भाजीवाल्याकडे, तिथून वाणसामानाच्या दुकानात आणि तिथून घरी, या तीन. दुपारी शाळेत जाऊन नातवाला घेऊन आली, या दोन. संध्याकाळी आजारी बहिणीला भेटायला बसने गेली आणि परत आली, या आणखी दोन. एकट्या तिच्या नऊ झाल्या, आणि त्यांतल्या सात पायी. नातवाच्या स्वतःच्या दोन, त्याही पायी. मी कार्यालयात जाऊन आलो आणि रात्री औषधे आणायला कोपऱ्यापर्यंत चालत गेलो, अशा माझ्या चार. मुलाच्या दोन, आणि परतताना औषधांच्याच दुसऱ्या दुकानात थांबलेल्या सुनेच्या तीन. एकूण वीस फेऱ्या, त्यांतल्या अकरा पायी. आदल्या दिवशीच्या सहा फेऱ्यांत पायी फेरी एकही नव्हती.

त्या तरुणाला मी दोष देत नाही. त्याला दिवसभरात ठरावीक घरे पुरी करायची होती आणि मी, घरातला कर्ता पुरुष म्हणून, माझ्या डोळ्यांना जे दिसते तेच सांगितले. परंतु अशा कित्येक घरांतल्या उत्तरांवर आराखड्याचे सगळे गणित उभे राहते. ते गणित साधारण चार टप्प्यांत चालते. शहराचे लहान लहान विभाग पाडले जातात, प्रत्येक विभागातून किती फेऱ्या निघतात हे काढले जाते, त्या कोणत्या विभागात जातात हे पाहिले जाते, मग कोणत्या साधनाने जातात हे ठरते आणि शेवटी त्या रस्त्यांच्या जाळ्यावर टाकून कुठे किती ताण येईल हे काढले जाते. घर ते शाळा किंवा घर ते भाजीवाला ही फेरी बहुधा एकाच विभागात सुरू होऊन तिथेच संपते, त्यामुळे ती सर्वेक्षणात टिपली गेली तरी शेवटच्या टप्प्यात जाळ्यावर येतच नाही. जे जाळ्यावर येत नाही त्याचा ताण दिसत नाही, ज्याचा ताण दिसत नाही त्याच्यासाठी रुंदी मागितली जात नाही, आणि मग शाळेच्या दारासमोर पदपथ दीड फुटाचा राहतो आणि त्यातही विजेचा डीपी उभा असतो. बायका, मुले आणि म्हातारी माणसे यांच्या फेऱ्या या गणितातून अशा गळतात. सुधारित आराखड्याच्या सर्वेक्षणात घरातल्या प्रत्येक माणसाला त्याच्या स्वतःच्या तोंडून विचारले जावे, आणि पाच मिनिटांची पायी फेरीही नोंदली जावी, ही माझी पहिली मागणी आहे.

बसच्या बाबतीत गणित आणखी सोपे आहे. केंद्र सरकारच्या नागरी वाहतूक सेवेच्या निकषांनुसार दर हजार लोकांमागे ०.६ बस ही उत्तम पातळी मानली जाते. २०११च्या जनगणनेत पुण्याची लोकसंख्या ३१.२४ लाख आणि पिंपरी-चिंचवडची १७.२७ लाख होती, म्हणजे त्या जुन्या लोकसंख्येलाच सुमारे २,९०० बस लागतात. पीएमटी आणि पीसीएमटी या दोन शहरांच्या बससंस्थांचे २००७मध्ये विलीनीकरण होऊन झालेल्या पीएमपीएमएल या बस कंपनीचा ताफा दोन हजारांच्या आसपास आहे, आणि लोकसंख्या तर २०११च्या कितीतरी पुढे गेली आहे. मेट्रोची स्थानके कितीही देखणी असली तरी तिथपर्यंत पोहोचवणारी बस दर दहा मिनिटांनी आली नाही तर माणूस दुचाकीला किल्ली लावणारच. मेट्रो आणि बस यांचा विचार एकाच तक्त्यात झाला पाहिजे : कोणत्या स्थानकाला कोणत्या वस्तीतून, किती मिनिटांनी, सकाळी किती वाजल्यापासून. आराखड्यात मार्गिकांच्या लांबीला जेवढी पाने मिळतात तेवढी या तक्त्यालाही मिळावीत.

पदपथांच्या बाबतीत पुण्याकडे धोरणे कमी नाहीत. २०१६मध्ये पादचारी धोरण आले, त्याच वर्षी रस्त्यांच्या रचनेची मार्गदर्शक तत्त्वे आली, आणि जंगली महाराज रस्त्यावर रुंद पदपथ, बसायला बाके, मुलांसाठी खेळ अशी रचना प्रत्यक्ष उतरली. त्या पदपथावर एखाद्या संध्याकाळी चालून पाहावे. आजोबा बाकावर टेकलेले असतात, महाविद्यालयातली मुले गप्पा मारत उभी असतात आणि कोणालाही गर्दीतून अंग चोरून जावे लागत नाही. ११ डिसेंबरला पादचारी दिनानिमित्त लक्ष्मी रस्त्याचा एक भाग वाहनांना बंद करण्याची पद्धत २०२१पासून सुरू झाली. मी एका वर्षी नातवाला घेऊन गेलो होतो. नगरकर तालीम चौकापासून पुढे त्याने माझा हात सोडला आणि तो रस्त्याच्या मधोमध पळू लागला. लक्ष्मी रस्त्यावर त्याचा हात मी सोडला तो आयुष्यात त्या एकाच दिवशी. वर्षातून एका दिवसाचा हा अनुभव आणि दोन-तीन देखणे रस्ते यांच्यापुढे धोरण सरकत नाही, कारण पदपथांचा पैसा दर वर्षीच्या अंदाजपत्रकातून, प्रभागाच्या मागणीनुसार आणि पुढे-मागे सरकत येतो.

सायकल आराखड्याचेही तसेच झाले. २०१७च्या डिसेंबरमध्ये महापालिकेच्या मुख्य सभेने आठशे किलोमीटरहून अधिक लांबीच्या सायकल मार्गांचे जाळे मंजूर केले, त्याच महिन्यात भाड्याच्या सायकलीही रस्त्यावर आल्या आणि दोन-तीन वर्षांत दिसेनाशा झाल्या. एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले गेलेल्या पुण्यात आज शाळकरी मुलाला मुख्य रस्त्यावर सायकल घेऊन पाठवायला आईवडील धजावत नाहीत. २०१८च्या मार्चमध्ये मंजूर झालेले पार्किंग धोरणही अमलात आले नाही. रस्त्यावर फुकट वाहन लावता येते तोवर बस आणि सायकल यांच्या बाजूने केलेली कोणतीही तरतूद लंगडीच राहणार.

वाढीच्या मोजणीत आणखी एक अडचण आहे. २०१७मध्ये ११ आणि २०२१मध्ये २३ गावे महापालिकेत आली आणि हद्द ५०० चौरस किलोमीटरच्या पुढे गेली. या भागांत आधी इमारती उभ्या राहिल्या, रस्ते नंतर, आणि पदपथ अजून यायचे आहेत. त्यात २०२१ची जनगणना वेळेवर झाली नाही, पुढची २०२७ची आहे, त्यामुळे आता होणाऱ्या सगळ्या अंदाजांचा पाया २०११चाच आहे. वाघोली किंवा बावधन २०११मध्ये जसे होते तसे आज ओळखूही येणार नाही. जनगणनेचे आकडे हाती आल्यावर आराखड्याचे गणित पुन्हा मांडले जाईल, अशी स्पष्ट अट आत्ताच घालून ठेवावी. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार असा आराखडा दर पाच वर्षांनी तपासला जाणे अपेक्षितच आहे.

त्या जोडीला, नकाशावर वर्षानुवर्षे राहिलेल्या रेषांचाही निकाल लावायला हवा. सुमारे ३६ किलोमीटरचा उच्च क्षमतेचा वर्तुळाकार मार्ग १९८७च्या विकास आराखड्यापासून कागदावर आहे, आणि त्याच्या आखणीत येणारी घरे व जमिनी तेव्हापासून अधांतरी आहेत. बालभारती ते पौड फाटा हा वेताळ टेकडीवरून जाणारा रस्ताही असाच दशकानुदशके पुढे येतो आणि टेकडीवर रोज चालायला जाणारे लोक त्याला विरोध करत राहतात. माझे मत या लोकांच्या बाजूचे आहे, ते लपवत नाही. तरीही माझा आग्रह मतापुरता नाही. नव्या आराखड्याने अशा प्रत्येक जुन्या रेषेपुढे लिहावे की ती हवी आहे का, हवी असेल तर किती प्रवाशांसाठी, आणि नको असेल तर ती पुसून टाकावी. जुनी रेष विचार न करता नव्या नकाशावर गिरवली जाणे, हे सुधारणेच्या नावाखाली होणारे सर्वांत मोठे नुकसान आहे.

२०१७च्या मेट्रो धोरणाने मेट्रोच्या प्रस्तावासाठी सर्वंकष आराखडा आवश्यक ठरवला, ही चांगली गोष्ट झाली. तिचा एक परिणाम असा होतो की मेट्रो वाढवायची वेळ आली की आराखड्याची आठवण होते. वनाज ते चांदणी चौक आणि रामवाडी ते वाघोली या मार्गांना २०२५च्या जूनमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली, स्वारगेट ते कात्रज या भुयारी मार्गाला त्याआधीच्या वर्षी मिळाली, आणि या दोन्हींचे मी स्वागत करतो. मेट्रोच्या प्रस्तावाला जोडायचा कागद एवढेच आराखड्याचे स्थान राहू नये. पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिका, पीएमआरडीए (महानगर प्रदेशाचे विकास प्राधिकरण), मेट्रोची कंपनी महामेट्रो, पीएमपीएमएल आणि वाहतूक पोलीस या सगळ्यांवर बंधन घालू शकेल असे एकीकृत वाहतूक प्राधिकरण पुण्यासाठी हवे. पदपथ, सायकल आणि बस यांचे वालीपण त्याच्याकडे जावे आणि त्यासाठी स्वतंत्र निधी असावा.

परीक्षण म्हटल्यावर गुण द्यायचे तर २००८च्या आराखड्याच्या ध्येयाला मी पाचपैकी साडेचार देईन, मेट्रोच्या अंमलबजावणीला चार, बसला दोन आणि चालणाऱ्यांसाठी केलेल्या कामाला दीड. लोकांशी केलेल्या संवादालाही दीडच, कारण शेकडो पानांचा अहवाल इंग्रजीत असेल आणि नकाशातली अक्षरे भिंगाशिवाय दिसणार नसतील, तर ज्यांच्या दारावरून रस्ता जाणार आहे ते हरकत कशाच्या आधारावर घेणार? प्रत्येक प्रभागाचे चार पानी मराठी टिपण, त्यात त्या प्रभागाचा मोठ्या अक्षरांतला नकाशा, आणि २००८मध्ये त्या प्रभागासाठी काय ठरले होते व त्यातले काय झाले याचा तक्ता, एवढे क्षेत्रीय कार्यालयाच्या फलकावर लावता येईल. खर्च फार नाही.

हरकती आणि सूचना मागवल्या जातील तेव्हा मी माझी सूचना लेखी देणार आहे आणि तिला आमच्या वहीतले ते पान जोडणार आहे : मंगळवार, पाच माणसे, वीस फेऱ्या, अकरा पायी. पान पत्नीच्या अक्षरात आहे. तिने प्रत्येक फेरीपुढे वेळही लिहिली आहे, आणि शाळेसमोरचा रस्ता ओलांडायला किती वेळ थांबावे लागले हेही लिहिले आहे. सकाळी चार मिनिटे, दुपारी सहा.